सहा कप, तीन बायका आणि दातांची भट्टी

आमच्या सासूबाईंना साठीनंतर दोन गोष्टी लागल्या: चष्मा, आणि चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायचं वेड. चष्मा निदान झोपताना निघतो. घरात आता पांढरा असा एकही कप उरलेला नाही. साखरेच्या बरणीवर जास्वंद, लोणच्याच्या बरणीवर कमळ, माझ्या नवऱ्याच्या दाढीच्या वाटीवर जुई. बाथरूममधला मग प्लास्टिकचा आहे म्हणून वाचला. पाहुणा आला की आधी त्याला रिकामा कप दाखवतात, आणि त्याने 'वा' म्हटल्याशिवाय त्यात चहा पडत नाही. परवा प्लंबरलाही म्हणावं लागलं.

तेव्हा जानेवारीतल्या एका सकाळी आईंनी (सासूबाईंना मी आई म्हणते) "मीनल, तुला चार दिवस सुट्टी मिळेल का?" असं विचारलं, तेव्हाच मला कुठल्यातरी कपाचा वास आला. फोन नांदेडहून आला होता, शहनाज खालांचा (खाला म्हणजे मावशी). खाला आणि आई लहानपणी इतवाऱ्यात शेजारी राहायच्या. खालांच्या घरी चिनी-काचेच्या भांड्यांचं दुकान. कोरे कप आणून त्यावर फुलं काढायची आणि लग्नाच्या सेटात विकायचे, हे काम घरातल्या बायका करायच्या. आईंच्या हातात पहिला ब्रश (मधे संसारात सुटला, साठीनंतर पुन्हा आला) खालांनीच दिला. तेव्हापासून दोघींची जिवाभावाची मैत्री आहे आणि तेव्हापासूनच दोघींना एकमेकींची फुलं आवडत नाहीत. खालांच्या मते आईंची फुलं भाजीवाल्याच्या टोपलीसारखी, एकावर एक. आईंच्या मते खालांना गुलाबाशिवाय काही येत नाही.

तर खालांच्या नातीचं, सनाचं, लग्न ठरलं होतं. सासर उदगीर. खाला तिच्यासाठी चहाचा सेट रंगवत होत्या. हा त्यांचा शेवटचा, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि हातही थोडा थरथरतो. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, खाला म्हणतात आधी सेट, मग लग्न, मग डोळे. किटली झाली, बशा झाल्या, आणि शेवटचे सहा कप रंगवून तयार असताना घरच्या भट्टीची कॉइल जळाली. दुरुस्त करणारा माणूस कधीच हैदराबादला निघून गेलेला.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. हे रंग म्हणजे बारीक पूड. ती तेलात घोटायची आणि चकचकीत कपावर ब्रशने लावायची. मग आठशे अंशांच्या आसपास भाजलं की रंग कपात मुरतो, पुढे घासणीनेही जात नाही. पण भाजेपर्यंत त्या फुलाची लायकी पाटीवरच्या खडूइतकी. बोट लागलं की गेलं.

नांदेडात खालांनी चौकशी करून पाहिली होती. सोनाराच्या भट्टीत अंगठी मावेल, कप नाही. बेकरीवाला बिचारा तयार होता, नानकटाईच्या ट्रेमध्ये ठेवा म्हणाला, पण त्या आचेवर नानकटाईच भाजते. इकडे आईंच्या रंगकामाच्या क्लासच्या बाई मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत आणि त्यांच्या भट्टीला कुलूप. शेवटी तोडगा माझ्या दिराने काढला. त्याचा मित्र बसवराज लातूरला दातांच्या कॅप बनवतो. त्याच्या लॅबमध्ये भट्टी आहे, हजार अंशांपर्यंत तापते, आणि तीन कप एका वेळी आत बसतील एवढी तिची पोकळी आहे. एका फळीवर दातांचे साचे आणि दुसऱ्यावर गुलाब. म्हटलं, हे बघायला तर जायलाच हवं.

पहिला दिवस: संभाजीनगर ते नांदेड

जालन्यापर्यंत समृद्धी महामार्ग, तिथवर आपण प्रगत देशात राहतो. मग मंठा, जिंतूर, परभणी, वसमत. रस्ता बराचसा चांगला आहे, जिथे नाही तिथे काम चालू असल्याचा बोर्ड आहे, आणि बोर्ड रस्त्यापेक्षा जुना आहे. सकाळी सातला निघालात तर जेवायला नांदेडात पोचता. आम्ही नाही पोचलो, कारण आईंना वाटेतल्या प्रत्येक टपरीवरचा कप उलटा करून खाली कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे ते बघायचं असतं. परभणीत एका हॉटेलात सुशीला खाल्ली. अनोळखी वाचकांनी दचकू नये, सुशीला हा चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार आहे. भिजवलेले चुरमुरे, फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट. तीस रुपयांत पोट भरतं.

वसमत ओलांडलं आणि आईंची भाषा बदलली. संभाजीनगरात त्या 'मी जेवते आहे' म्हणतात. गोदावरीच्या अलीकडे आल्या की 'मी जेवायलेय' सुरू होतं, आणि इतवाऱ्याच्या गल्लीत गाडी शिरेपर्यंत त्या 'लई दिवसांनी आले बघ मी' असं माझ्याशीच बोलायला लागल्या होत्या.

खाला दारातच उभ्या होत्या. उंच, ताठ, पांढरी ओढणी, नाकावर भिंगाचा चष्मा आणि आवाजात दुकानदारी. मला वाटलं होतं दोन म्हाताऱ्या मैत्रिणी गळ्यात पडतील. पडल्या. पण गळ्यात पडल्यापडल्याच खाला म्हणाल्या, "कुमुद, तेरा फोटो देखी मैं व्हाट्सअप पे. वो कमल क्या है की पत्तागोभी?"

"तुला दिसत नाही म्हणून तसं वाटायलंय," आई म्हणाल्या.

"मेरेकु नहीं दिखता तो भी गोभी दिखी."

मग तहारी आली. नांदेडला जाणाऱ्यांनी हॉटेलातली बिर्याणी जरूर खावी, पण कुणाच्या घरी तहारी मिळण्याची सोय असेल तर हॉटेलचं नावही काढू नये. पिवळा भात, त्यात बटाटा आणि मटण, सोबत टोमॅटोची आंबट चटणी. माझ्या ताटातला ढीग कमी झाला की खालांना तेवढं मात्र बरोबर दिसायचं.

जेवल्यावर कप पाहिले. केकच्या मोठ्या खोक्यात तळाला कणकेचे सहा गोळे, आणि प्रत्येक गोळ्यावर एक कप घट्ट बसवलेला. कप हलत नाही, एकमेकांना लागत नाही, कडेलाही टेकत नाही. प्रत्येकावर एकच गुलाब, थोडीशी पानं आणि भरपूर पांढरी जागा. फुलावर आपली नजर थांबावी म्हणून बाकी सगळं सोडून दिलेलं. मला फुलातलं काही कळत नाही, पण घरी रोज बागेतून चहा प्यावा लागत असल्यामुळे ती मोकळी जागा बघून मला अगदी शांत वाटलं. मी तसं बोलले. आईंनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो पाहून मी दुसरं काहीतरी बोलायला लागले.

सना ओट्याशी उभी होती, हसत म्हणाली, "नानी किसीकोच हात नहीं लगाने देते. मेरेकु भी नहीं."

"हाथ लगाना हैच नहीं," खाला म्हणाल्या. "चालीस साल सेट बनाई. सब बेच डाली. ये पहला अपने घर का है. पूरा मेरे हाथ का होना."

आईंनी खोक्याचं झाकण अलगद लावलं. खालांचं एखादं वाक्य त्यांनी न खोडता सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरा दिवस: नांदेड ते लातूर

सकाळी गुरुद्वारात जाऊन आलो. लवकर जा, गर्दी नसते, लंगरमधला चहा फार गोड आणि फार गरम असतो. मग लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, लातूर असा रस्ता धरला. अंतर साधारण तीन तासांचं. केकचं खोकं मांडीवर घेतलेल्या खाला शेजारी असतील तर पाच तासांचं.

खाला पुढे बसल्या. डोळ्यांना दिसत नसलं तरी स्पीडब्रेकर त्यांना माझ्याआधी कळत होते. "आहिस्ता. आहिस्ता बोली ना! बहू, बैलगाडी चलाए जैसा चला." एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं. मग उसाच्या दोन ट्रॉल्यांनी टाकलं. मग लुनावरून जाणाऱ्या एका आजोबांनी, त्यांच्या मागे शेळी बसली होती. शेळी बराच वेळ आमच्याकडे बघत होती.

कंधारच्या किल्ल्याचा फाटा दिसला. मला तो किल्ला कित्येक वर्षं बघायचाय. "उतार-चढाव है उधर," खाला म्हणाल्या, आणि विषय संपला. किल्ल्याची माहिती हवी असल्यास कृपया दुसरा ब्लॉग पाहावा.

लोह्याच्या पुढे नाकाबंदी होती. हवालदाराने काच खाली करायला लावली.

"खोक्यात काय हाय?"

"कप आहेत," मी म्हटलं.

"केकच्या खोक्यात कप? उघडा बरं."

खालांनी झाकण बोटभर वर केलं. "देखो, मगर साँस उधर करके लेना. छींकना नक्को."

त्याने खरंच श्वास रोखून आत पाहिलं, गुलाबांकडे पाहिलं, खालांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ द्या मावशी. हळू जा."

"हळूच चाललोय," मी म्हटलं. त्याला माझ्या आवाजातलं दुःख कळलं नसावं.

अहमदपूरला माझ्या बँकेतल्या मैत्रिणीचं माहेर आहे. तिच्या आई महानंदाबाई. जेवल्याशिवाय पुढे गेलात तर मुलीशी बोलणार नाही, अशी धमकी त्यांनी आदल्या दिवशीच दिली होती. लिंगायत घर, खाली धान्याची आडत, वर राहणं. काका कपाळाला विभूती लावून गादीवर बसलेले. महानंदाबाई दारात पाय धुवायला पाणी घेऊन उभ्या.

"या की हो. किती उशीर! भाकऱ्या गार व्हायल्यात."

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची भाजी, दह्याचं गाडगं आणि वर आग्रह. खालांनी खोकं गाडीत ठेवायला साफ नकार दिला होता, म्हणून ते देवघराशेजारच्या टेबलावर ठेवलं. आईंनी बजावून सांगितलं, "महानंदाबाई, यात नवरीचे कप आहेत, कच्चे आहेत, हात लावू नका बरं का." महानंदाबाईंनी मान डोलावली. जेवण झाल्यावर खालांची नमाजची वेळ झाली. महानंदाबाईंनी आतल्या खोलीत स्वतः धुतलेली चादर अंथरून दिली, पंखा लावला, दार लोटून घेतलं आणि नातवंडांना दटावून गप्प केलं. आम्ही दोघी पान खात काकांकडून सोयाबीनचे भाव ऐकत बसलो.

खाला बाहेर आल्या आणि महानंदाबाई हसतमुखाने खोकं घेऊन पुढे आल्या.

"नवरीचं सामान घरात आलं अन् तसंच कोरडं कसं जाऊ द्यायचं? सगळ्या कपांना हळद-कुंकू लावलंय बघा."

मी आत पाहिलं. सहा गुलाब. प्रत्येक गुलाबाच्या कडेच्या पाकळीवर एक पिवळं बोट आणि एक लाल बोट. वरून अक्षता.

आईंच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. महानंदाबाईंना काहीतरी बिनसल्याचं जाणवलं असावं. त्या घाईने म्हणाल्या, "हात नाही लावला हो. तुम्ही नको म्हणला म्हणून नुसतं बोटाच्या टोकानं लावलं."

खाला खोक्यावर वाकल्या. किती दिसलं असेल देव जाणे, पण हळदीचा पिवळा रंग मोतीबिंदूतूनही दिसतो. त्या तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं आता फुटतात. त्या सरळ झाल्या, महानंदाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "शुक्रिया, बहन. मेरी बच्ची को दुआ देना."

महानंदाबाईंनी त्यांना साडीचोळी दिली, मला आणि आईंना ब्लाऊजपीस दिले, सोबत धपाट्यांचा डबा दिला. पुढच्या वेळी नवरीला घेऊन यायचं वचन घेतलं.

गाडी अहमदपूरच्या बाहेर पडली. मग खालांचा स्फोट झाला.

"शुक्रिया बोलना पड़ा मेरेकु! शुक्रिया! छह के छह! एक को भी नहीं छोड़ी! और ऊपर से चावल!"

मागच्या सीटवर आईंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, तरी खुसखुस ऐकू येत होती. मलाही आवरेना. खालाही हसायला लागल्या, मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी गाडी बाजूला घेतली. ते हसण्याचं पाणी नव्हतं हे आम्हाला जरा उशिरा कळलं.

"पुसून टाकू," आई हळूच म्हणाल्या. "पुन्हा काढ."

"कैसा निकालूँ? वो गुलाब मैं देख के नहीं निकाली, कुमुद. हाथ को याद था, निकल गया. अब छह फिर से नहीं होते मेरे से."

पुसावं तर हळदीबरोबर पाकळी जाणार. न पुसावं तर बोटं तशीच. त्या रस्त्याच्या कडेला, शेजारून ट्रॅव्हल्स धुरळा उडवत जात असताना, मला महानंदाबाईंचा एवढा राग आला आणि एवढं प्रेम आलं की कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही.

लातूरमध्ये शिरताना देवांपेक्षा टॉपर जास्त दिसतात. प्रत्येक चौकात हसऱ्या मुलांचे फोटो, खाली मार्क. इथे राहायची खोली आधीच बुक करा, कारण निम्मी लॉजं मुलांना क्लासला घालायला आलेल्या आईबापांनी भरलेली असतात. आमच्या लॉजच्या मॅनेजरने तिघींकडे पाहून विचारलं, "नीट का जेईई?"

"दात," आई म्हणाल्या.

बसवराजची लॅब पहिल्या मजल्यावर. वय पस्तिशीचं, गळ्यात लिंग, अंगात ॲप्रन, आणि टेबलावर लोकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे ओळीने मांडलेले. खालांना ते साचे नीट दिसले नाहीत हे बरं झालं. आई मात्र बराच वेळ बघत होत्या, कदाचित जागा मोकळी दिसल्यामुळे.

बसूने दुर्बिणीच्या चष्म्यातून एकेक कप पाहिला. "ही हळद जळून जाती काकू. कुंकू बी जाईल. भट्टीत काय ऱ्हात न्हाई. पण बोटानं जो रंग उचलून नेलाय तेवढी जागा पांढरी निघणार. ते काय माझ्या हातात न्हाई."

खाला म्हणाल्या, "डाल दे."

त्याच्या दिवसाच्या कॅप आटोपल्यावर त्याने तीन कप ठेवले आणि ते भाजून निवले की पुढचे तीन ठेवीन म्हणाला. आम्ही धपाटे खाऊन झोपलो.

तिसरा दिवस: लातूर

बसूने सकाळी भट्टी उघडली. हळद गेली होती, कुंकू गेलं होतं, अक्षतांचा तर पत्ताच नव्हता. रंग काय उजळले होते! काल मळकट जांभळट दिसणारा गुलाब आज खरोखर गुलाबी झाला होता. आणि प्रत्येक गुलाबाच्या कडेला शेजारी शेजारी दोन पांढरे ठसे. आधार कार्डाच्या मशीनवर उमटावेत इतके स्पष्ट. महानंदाबाईंचा अंगठीच्या बोटाचा ठसा आता कायमचा भाजून पक्का झाला होता.

सनाला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "नानी, मस्त दिखरा! लोगाँ पैसे देके ऐसा बनवाते."

"फोन बंद कर इसका," खाला मला म्हणाल्या.

एक उपाय होता. भाजलेल्या रंगावर पुन्हा रंगवता येतं आणि पुन्हा भाजता येतं. ठशांवर एक पान काढलं की काम झालं. खालांनी सोबत आपली पुरचुंडी आणलीच होती: खारीच्या केसांचे ब्रश, रंगांच्या पुड्या. लवंगेचं तेल मात्र संपलं होतं. बसूने कपाटातून बाटली काढली. "दातवाल्याकडं हे नसंल तर कुठं असंल," म्हणाला. तो हिरवा रंग तेलात घोटला जायला लागला तेव्हा खोलीत दातांच्या दवाखान्याचा वास सुटला आणि माझी एक दाढ उगाच दुखायला लागली.

बसूने आपला मोठा दिवा आणि भिंग खालांच्या समोर ओढून दिलं. त्यांनी ब्रश टेकवला. पान सुरू झालं आणि ठशाच्या पलीकडे गेलं. त्यांनी फडक्याने पुसलं. पुन्हा टेकवला. या वेळी पानाला मधेच गाठ आली. पुसलं. पुन्हा. बसू उठून उगाच नळ सोडून हात धूत राहिला.

आई बाजूला बसून होत्या. मला माहीत होतं त्यांना काय म्हणायचंय, खालांनाही माहीत होतं. पण आपण होऊन त्या बोलल्या नाहीत. शेवटी खालांनी ब्रश टेबलावर ठेवला, चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ले. तू बना. मगर सुन, पत्ता! सिरफ एक पत्ता! कमल-वमल नक्को, तितली नक्को, शबनम का कतरा तो बिल्कुल नक्को!"

"बरं."

"और पतला."

"बरं म्हटलं ना. तू कप धर."

खालांनी कप धरला. आईंनी ब्रश टेकवला आणि खाला कप फिरवत गेल्या, ब्रश जवळजवळ जागीच राहिला आणि पान कपाच्या फिरण्यातून निघालं. लहानपणी असंच करायच्या म्हणे, एकीने फिरवायचं आणि दुसरीने काढायचं. दोघींना मोजमाप बोलून दाखवावं लागत नव्हतं, भांडण मात्र सतत चालू होतं. "इधर." "माहिती आहे." "मोटा होरा." "होत नाहीये." "कुमुद, रुक!" "थांबले."

आणि आमच्या आई, ज्यांनी आयुष्यात रिकामी जागा बघून कधी स्वतःला आवरलं नाही, त्यांनी सहा कपांवर सहा पानं काढली. बारीक, एका बाजूला कललेली, अगदी खालांच्या पद्धतीची. एकही दवबिंदू नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोरच्या हॉस्टेलच्या गच्चीवर मुलं पुस्तकं घेऊन येरझाऱ्या घालत होती.

कप पुन्हा भट्टीत जायला बसूची कामं संपायला हवी होती. मधला वेळ गंजगोलाईत काढला. गोल इमारत, तिच्याभोवती गोल बाजार आणि चारी बाजूंना फुटलेले रस्ते. एकदा आत शिरलात की आपण कुठल्या रस्त्याने आलो ते विसरता. खालांनी सनासाठी बांगड्या घेतल्या, दुकानदाराशी घासाघीस करताना त्यांच्या दृष्टीत काही दोष जाणवला नाही. संध्याकाळी निलंगा राईस खाल्ला: पिवळा तिखट भात, वर भजी कुस्करून. दोन प्लेटमध्ये तिघींचं भागतं. लातूरला आलात आणि हे न खाता गेलात तर तुमच्या येण्याला अर्थ नाही.

चौथा दिवस: परत

भट्टी उघडली. पानं बसली होती. ठसे कुठेच दिसत नव्हते. खालांनी एक कप घेतला, नाकाला लागेल इतका जवळ धरला, फिरवला, उजेडाकडे नेला, पुन्हा फिरवला.

"तेरा पत्ता कौनसा?"

"ओळख."

खालांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बसूसुद्धा काम थांबवून बघत होता.

"नहीं दिखरा," खाला म्हणाल्या. "नहीं दिखरा, मतलब अच्छा है."

बसूने पैसे घ्यायला नकार दिला. आईंनी त्याला घरून एक किटली पाठवायचं कबूल केलं, आणि त्या बिचाऱ्याला आपण कशाला हो म्हणतोय याची कल्पना नव्हती. परतीच्या वाटेवर कप आता पक्के असल्यामुळे मी गाडी माणसासारखी चालवली. अहमदपूरला थांबलो, महानंदाबाईंना कप दाखवले. त्यांनी खुशाल हातात घेतले आणि म्हणाल्या, "बघा, आमच्या हळद-कुंकवानं कसं तेज आलंय." खाला म्हणाल्या, "हौ, बहन." खालांना नांदेडला सोडलं, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो.

घरी

सनाच्या लग्नाच्याच दिवशी आमच्याकडे माझ्या पुतणीचं लग्न होतं, त्यामुळे जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी खालांचा फोन आला. आईंच्या हाताला रंग होता म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

लग्न छान झालं. उदगीरची माणसं चांगली आहेत. सेट सगळ्यांना दाखवला. मग खाला मुद्द्यावर आल्या.

"कुमुद, सब पत्तों कीच तारीफ करे. गुलाब को कोई पूछा नहीं."

"बघ. मग?"

"पूछे, पत्ते कौन बनाए."

"मग काय सांगितलंस?"

खालांनी आधी पलीकडे कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं.

"मैं बोली, मैंइच बनाई."

मी आईंकडे पाहिलं. ही बाई मी केलेल्या पोह्यांची कुणी स्तुती केली तर 'मीच शिकवले तिला' म्हणते. प्लंबरकडून 'वा' वसूल करते. मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला.

"बरोबर सांगितलंस," आई म्हणाल्या. "सेट तुझा हाय. पानं बी तुझीच हायत."

मग खाला म्हणाल्या, "ऑपरेशन की तारीख मिली. अगले महीने." आणि फोन ठेवला.

आई ब्रश हातात धरून बसून राहिल्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत त्यांना दम निघाला.

"मीनल, तू ते मोबाईलवर प्रवासाचं लिहितेस ना?"

"हो."

"लोक वाचतात?"

"वाचतात बऱ्यापैकी."

"मग त्यात खरं काय ते लिही. पानं कुणी काढली ते. नावानिशी."

"आणि खालांनी वाचलं तर?"

"तिला आत्ता कुठे दिसतंय?" आईंनी ब्रश पुसला. मग जरा विचार करून म्हणाल्या, "तिचा डोळा उघडेपर्यंत राहू दे. मग काढून टाक."

तर वाचकहो, त्या सहा कपांवरची पानं कुमुद, म्हणजे आमच्या आई, यांनी काढलेली आहेत. लातूरचा रस्ता, सुशीला, निलंगा राईस, जे काही उतरवून घ्यायचं असेल ते महिनाभरात घ्या. त्यानंतर हे इथे नसेल, आणि पानं खालांची असतील.